टेबलाची पलीकडची बाजू

३ फेब्रुवारी

या वहीत मला एकच विधान सिद्ध करायचे आहे : आमच्या घरातली सहा मुले या टेबलापाशी जितके चांगले शिकत आहेत, तितके ती कोणत्याही शाळेत शिकली नसती. विधान स्पष्ट आहे. ते खोटे ठरवता येण्याजोगे आहे, म्हणूनच सिद्ध करण्याच्या लायकीचे आहे. चौतीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले आणि पुराव्यावाचून बोलणाऱ्याला भर वर्गात गप्प केले. आता तोच नियम स्वतःला.

निमित्त — शिक्षण कार्यालयाचे पत्र. घरी शिकवण्याची आमची परवानगी दोन वर्षांची होती. ती या महिन्याअखेर संपते. उद्या तपासनीस येणार. परवानगी घराला मिळते, मुलाला नाही. सहांपैकी एक जरी वयाच्या मानाने मागे आढळले, तर सहाही जणांना शाळेत घालावे लागेल.

सूनबाई चहा गाळता गाळता म्हणाली, "आई, कशाला एवढा आटापिटा? घालू की शाळेत. मलाही जरा श्वास घेता येईल."

"श्वास घ्यायला तुला कोणी अडवलंय?"

तिने गाळणे गरजेपेक्षा जोरात आपटले. मुद्दा संपला.

मुले, वरून खाली. थोरली, पंधरा वर्षांची. माझा मुलगा पुलांसाठी जमिनीची मोजमापे करतो आणि पूल काही एकाच गावात बांधत नाहीत. त्यामुळे या मुलीने पाच वर्षांत चार शाळा पाहिल्या आणि चारही शाळांत अपूर्णांकांचा तोच धडा गिरवला. तेव्हा मी म्हटले, पुरे. बायको-मुले इथे ठेव, तू एकटा फिर. थोरलीच्या खाली जोडी, बारा वर्षांचे जुळे. मग वकीलीण, दहा वर्षांची. हे नाव तिने कमावलेले आहे. मग मुंगळा, साडेसहा वर्षांचा. शेवटी शेपूट, चार वर्षांची.

पद्धत माझी. प्रत्येकाने आपल्याखालच्याला शिकवायचे, थोरलीला मी. शिकवणारा आणि शिकणारा टेबलाच्या दोन बाजूंना, समोरासमोर. शेजारी बसणारा मदत करतो. समोर बसणारा उत्तर मागतो. मध्ये पुस्तक, एकच प्रत, शिकवणाऱ्याच्या पुढ्यात. ती टेबलावरून हलत नाही, कारण सहा मुलांच्या घरात हललेले पुस्तक पाने गमावूनच परत येते.

वरच्या चौघांना वाचायला त्यांच्या आईने शिकवले, मांडीवर घेऊन. मुंगळा हा पहिला, जो पहिल्या अक्षरापासून माझ्या पद्धतीने, वकीलीणीसमोर बसून, वाचायला शिकला. लेखन अजून सुरू केलेले नाही. वाचन पक्के झाल्यावरच पेन्सिल. म्हणजे माझ्याकडचा सर्वांत निर्भेळ पुरावा तोच.

४ फेब्रुवारी

तपासनीस सभ्य गृहस्थ आहेत. हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते, कारण पुढे फारसे काही नोंदवण्याजोगे नाही.

थोरलीने भूमितीचे प्रमेय दोन रीतींनी सिद्ध केले. जोडीतला एक वाक्य सुरू करी, दुसरा संपवी. शेवटी तपासनीसांनी एकाला बाहेर पाठवले. वकीलीणीने त्यांनाच विचारले, "प्रश्नात ‘साधारण’ लिहिलंय. साधारण म्हणजे किती चूक चालेल?" ते हसले, तिला पूर्ण गुण दिले.

मग मुंगळा. तपासनीसांनी एक तक्ता कपाटाच्या दाराला अडकवला. तळ्यातल्या बदकावर पाच ओळी, अक्षरे बोटाएवढी. पोर त्याच्यापुढे उभे राहिले आणि मान वाकडी करू लागले. इतकी, की कान खांद्याला टेकला. शब्द नाही.

"घाबरू नकोस रे. सुरुवात कुठून करतात, ते तरी दाखव."

मुंगळ्याने शेवटच्या ओळीच्या उजव्या टोकाला बोट ठेवले. "इथून."

तपासनीसांनी लिहून घेतले. मला म्हणाले, "बाई, मजकूर कुठे सुरू होतो हेही त्याला माहीत नाही."

"तो उत्तम वाचतो."

"माझ्यासमोर नाही वाचला."

"आपण त्याच्यासमोर नव्हतातच. आपण कपाटापाशी होतात."

फेरतपासणी सत्तावीस तारखेला.

५ फेब्रुवारी

रागात काही लिहायचे नाही. राग हा पुरावा नव्हे.

६ फेब्रुवारी

आज मुंगळ्याची परीक्षा मी स्वतः घेतली. त्याला नेहमीच्या खुर्चीवर बसवले, मी समोर, शिकवणाऱ्याच्या बाजूच्या माझ्या खुर्चीवर बसले, पुस्तक पुढ्यात ठेवून ओळीखालून बोट फिरवत गेले. दहा उतारे. सहा ओळखीचे, चार त्याने कधी पाहिलेले नाहीत, त्यांतला एक तर वर्तमानपत्रातला, जलवाहिनीच्या दुरुस्तीचा. ‘जलवाहिनी’ पाशी अडखळला, पुन्हा मागे गेला, बरोबर वाचले. दहापैकी दहा. म्हणजे पाठांतराचा आक्षेप निकालात निघाला.

उरतात तीन शक्यता : दृष्टी, भीती, अथवा तपासण्याची रीत. एकेक बाद करू.

भीती तर आजच बाद. "त्या काकांची भीती वाटली का?" असे विचारले, तर म्हणाला, "नाही. त्यांचा तक्ता बिघडलेला होता."

निरीक्षण चुकीचे, पण बाणेदार! मला आवडले.

९ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. लहान मुलांना तिथे चित्रे दाखवतात. पोराने भिंतीवरचा शेवटचा, मुंगीएवढा मासासुद्धा ओळखला. डॉक्टर म्हणाल्या, "घारीचे डोळे आहेत. काळजी मुलाची नाही, तुमच्या मोतीबिंदूची करा." दुसरी शक्यता बाद.

परतताना सूनबाई म्हणाली, "आई, तो दुकानांच्या पाट्या वाचत नाही. बसचा नंबरसुद्धा मला विचारतो."

"पाटी म्हणजे मजकूर नव्हे. दोन शब्दांना संदर्भ नसतो."

"तुमच्याशी बोलून कोणी जिंकलंय का हो?"

"जिंकणं हा हेतूच नाही."

"मग एकदा हरून तरी बघा."

बस आली. नंबर तिनेच वाचला.

१२ फेब्रुवारी

कार्यालयाला हरकतीचे पत्र लिहिले, तीन पाने. सार असे : ज्या परिस्थितीत शिक्षण झाले, त्याच परिस्थितीत त्याची परीक्षा व्हावी. पोहायला शिकलेल्याला जमिनीवर हात मारायला लावून तो बुडाला असे लिहिता येणार नाही. म्हणून फेरतपासणीत परीक्षकाने मुलाच्या समोर बसावे, पुस्तक परीक्षकाच्या पुढ्यात असावे, बोट परीक्षकाचे असावे. उतारा त्यांनी हवा तो निवडावा. मला त्यांच्या उताऱ्याचे भय नाही.

मुलाचा फोन आला. "आई, सरकारी ऑफिसला तीन पानं? एक वाचलं तरी नशीब."

"म्हणूनच मुद्दा पहिल्या पानावर आहे."

"आणि उरलेली दोन?"

"ती त्यांना पहिलं पान फेकून देता येऊ नये म्हणून."

तो बराच वेळ हसत होता. पूल मोजणाऱ्याला आधाराचे खांब कशासाठी असतात, हे मी सांगायला हवे का!

१८ फेब्रुवारी

उत्तर आले. एकच ओळ : विनंती मान्य.

जोडीने घर डोक्यावर घेतले. थोरलीने सुटकेचा निःश्वास टाकला, जो मला ऐकू येऊ नये अशी तिची इच्छा होती. तिला येत्या वर्षी बाहेरून परीक्षेला बसायचे आहे, आणि पाचव्या शाळेचे तोंड बघायचे नाही. वकीलीण मात्र पेन्सिलीला टोक काढत राहिली.

"आजी, तपासनीस तुझ्या खुर्चीवर बसणार?"

"हो."

"मग तू कुठे बसणार?"

"बसेन कुठेतरी."

"बरं."

ही मुलगी नुसते ‘बरं’ म्हणून थांबत नाही. नोंद केली, अर्थ लावला नाही.

२१ फेब्रुवारी

शेपटाला अक्षरे शिकायची आहेत. दिवसभर मागे लागली, "माझं कधी? माझं कधी?" एक मार्चपासून तिला मुंगळ्यासमोर बसवायचे ठरवले. मुंगळ्याने लगेच गुरुजींचा आव आणून तिला हात धुऊन यायला सांगितले.

२७ फेब्रुवारी

परवानगी मिळाली. तीन वर्षांची, सही-शिक्क्यासह.

क्रमाने लिहिते. तपासनीस माझ्या खुर्चीवर बसले. मुले भिंतीला पाठ लावून उभी. सूनबाई दारात, कामावर जायच्या कपड्यांत. मोकळी खुर्ची एकच होती, मुंगळ्याच्या शेजारची. मी तिच्यावर बसले.

तपासनीसांनी पिशवीतून स्वतःचे पुस्तक काढले, स्वतःपुढे उघडले, आणि माझ्या पत्रात लिहिले होते त्याप्रमाणे पहिल्या ओळीखाली बोट ठेवले. मुंगळा वाचू लागला. एका डोंगरावरच्या मेंढ्यांची गोष्ट. अस्खलित. विरामाला थांबत, प्रश्नाला स्वर चढवत.

मी सवयीने पानाकडे पाहिले आणि मला एक शब्द वाचता आला नाही.

मोतीबिंदू नव्हे. पान उलटे होते. आपली अक्षरे रेघेला लटकलेली असतात. या बाजूने ती रेघेवर डोके टेकून, पाय वर करून उभी होती. पहिली ओळ सर्वांत खाली. ती उजवीकडून डावीकडे सरकत होती आणि तिच्याबरोबर मुंगळ्याची नजर. पान संपत आले तशी त्याची हनुवटी वर वर गेली.

तक्ता बिघडलेला होता, म्हणाला होता तो. त्याच्या दृष्टीने होताच.

तपासनीसांनी पुस्तक मिटले. "सुंदर. बाई, मी माघार घेतो. तुमची पद्धत बरोबर होती, माझी चुकली." आणि सही केली. जे मला दोन वर्षे दिसले नाही, ते त्यांना पंधरा मिनिटांत कसे दिसावे? ते माझ्या खुर्चीवर बसले होते.

मी म्हटले, "आभारी आहे."

भिंतीपाशी उभी वकीलीण तपासनीसांकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

२८ फेब्रुवारी

खात्री करून घेतली. पुस्तक मुंगळ्यापुढे सरळ ठेवले — मान वाकडी. फिरवले — घडाघडा. त्याला खाली रस्त्यावर नेले, समोरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. त्याने माझा हात सोडला, दुकानाकडे पाठ केली, कमरेत वाकला आणि स्वतःच्या दोन्ही पायांमधून पाहत वाचले, "सायकल दुरुस्ती. पंक्चर काढून मिळेल." मग सरळ उभा राहून म्हणाला, "पाट्या लावणारे सगळे उलट्याच लावतात, आजी."

सायकलवाला हसला. मला हसू आले नाही. तरी असे काही मी आयुष्यात पाहिले नव्हते.

वकीलीणीला बोलावले.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी म्हटलं होतं, मी त्याच्या शेजारी बसते. तू म्हणालीस, बैठक हा चर्चेचा विषय नाही."

"कारण द्यायचं होतंस."

"तू कारण विचारलंच नाहीस. आणि मग तो वाचायलाच लागला. मग मला वाटलं, चालतं."

या युक्तिवादात मला दोष सापडला नाही. पाऊण तास शोधला.

सूनबाईला सांगितले तेव्हा ती खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग गंभीर झाली. "आई, पंधरा दिवसांत सरळ वाचेल तो. मी बसते त्याला घेऊन. परवानगी हातात आहे, गप्प राहायचं. कोणाला कळणार आहे?"

"तूच म्हणायचीस, शाळेत घाला."

"म्हणायचे. काल त्याला वाचताना ऐकलं, आता नाही म्हणत."

‘कोणाला कळणार आहे’ — या वाक्यावर मी चौतीस वर्षे लाल रेघ मारली आहे. आज पहिल्यांदा ते मला गोड लागले. दारात थोरली उभी होती. तिने परवानगीचा कागद सुरकुती पडू नये म्हणून जाड पुस्तकात ठेवला होता, तो काढून माझ्यासमोर ठेवला आणि निघून गेली.

१ मार्च

शेपटाचा पहिला धडा झाला. मुंगळा तिच्या उजवीकडे, मी डावीकडे, पुस्तक तिघांच्या पुढ्यात सरळ. मुंगळ्यालाही पहिल्यापासून शिकावे लागत असल्याने गुरुजींचा आव गेला.

नंतर कार्यालयात जाऊन पत्र हातोहात दिले, सोबत परवानगीचा कागद. या वेळी एकच पान. त्याची नक्कल :

"सत्तावीस तारखेचा निकाल माझ्या अटींमुळे लागला आणि त्या अटी सदोष होत्या. मुलगा वाचतो, परंतु उलट्या पानावर. तपासणी पुन्हा घ्यावी. तक्ता कपाटालाच लावावा. घरी शिकवण्याबद्दलचे माझे विधान मी मागे घेत नाही. त्याचा पुरावा मागे घेते. नवा देईन. चूक एकच झाली : दोन वर्षांत मी एकदाही त्याच्या बाजूला बसून पाहिले नाही.

— तर्कशास्त्राची निवृत्त अध्यापिका, सहा मुलांची आजी"