अण्णांची नवी उपमा

कोल्हापूर,
२२ फेब्रुवारी १९७३

ती. ताई,

पद्माचा नमस्कार. कुरुंदवाडची वांगी पोचली. आईचा गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतोय, पण तिनं बोलणं सोडलंय. त्याबद्दल पुढे लिहिते.

अण्णांचं जातिभेदावरचं व्याख्यान शाहूपुरीत झालं. त्यांना तू ओळखतेसच. मनासारखी उपमा सापडेपर्यंत जेवण गोड लागत नाही. जात म्हणजे कीड, जात म्हणजे गंज, सगळं करून झालं. शेवटी माझ्याबरोबर शाळेत शिकवणारे जोतीराम सर घरी आले होते, गावकुसाबाहेरून शिकून आलेले, त्यांनाच म्हणाले, "तुम्ही हे भोगलंय. एखादी चटका लावणारी उपमा द्या ना."

सर हसले. "उपमा कशाला, अण्णा? ल्हानपणी नदीवर पोहायला जायचो. मी पाण्यात उतरलो की बाकीची पोरं भराभर वर यायची. सगळी नदी माझी एकट्याची! लई दिवस मला वाटायचं, ह्यो माझा मानच हाय की."

अण्णा म्हणाले, "वा!"

व्याख्यानात त्यांनी ती नदी अशी रंगवली की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सरांचं नाव मात्र घेतलं नाही. मला राग आला, ताई, फार राग आला. घरी येऊन जेवायला बसताच आमचं ठरलेलं सांगून टाकलं, की मी जोतीराम सरांशी लग्न करणार आहे.

अण्णा ओरडले नाहीत. "व्याख्यान वेगळं, घर वेगळं," एवढंच म्हणाले आणि पानावरून उठले. पाठोपाठ आई उठली. तेव्हापासून मी जेवायला बसले की दोघंही उठतात. तीन माणसांच्या आमटीसमोर मी एकटी.

सोमवारी, ५ मार्चला, नोंदणी आहे. साक्षीला सरांचे मित्र आहेत, पण आपल्या घरचं एक तरी माणूस असावं असं मला वाटतं. भाऊजी चिडतील, हे माहीत आहे. तरी विचारते, येशील?

येणार नसलीस तर मुलं आजारी आहेत, पाहुणे आहेत, असं काही लिहू नकोस. येत नाही, एवढंच लिही. गोड शब्दांनी माझं पोट भरलंय.

आलीस तरी, न आलीस तरी
तुझीच,
पद्मा