सड्यावरची एरियल

२ नोव्हेंबर १९८१
अखेर सासुरवाडीजवळ बदली मिळाली! धरणाच्या पाहणीसाठी खात्यानं व्हॅन दिलीय. आत झोपायला बाकडं, स्टोव्ह आणि वायरलेसचा संच. जांबोटीच्या वरच्या सड्यावर, उघड्या खडकाळ माळावर, गाडी लावली. रोज नदीची पातळी बेळगावच्या ऑफिसला कळवायची, एवढंच काम. मनू पहिल्या बाळंतपणासाठी इथं माहेरी आलीय, सातवा महिना. निपाणीला आईला सांगून आलोय की नोकरीला चाललो. खरं तर जावयाचे लाड करून घ्यायला आलोय. दुपारी मनूच भाकरी घेऊन आली.

४ नोव्हेंबर
मध्ये डोंगर, त्यामुळं बेळगाव ऐकूच येईना. सासरे मष्णूआप्पांनी दोन लांब बांबू दिले. एक टपाला बांधून तांब्याची तार उंच नेली, दुसरी तार ओल्या जमिनीत पुरली. साहेबांचा आवाज आला, विहिरीतून यावा तसा, पण आला! त्याच्याखाली आणखी एक पुसट हाक होती. नियमाप्रमाणे तिलाही लगेच उत्तर दिलं: नाव, ठिकाण, जवळ कोण. मनू जवळ होती, तेही सांगितलं.

मनू चिडली. त्यांच्याकडं रानात हाक आली, तर माणूस दिसल्याशिवाय ओ देत नाहीत. भाकरी आणते तेव्हाही ती हाक मारत नाही, गाडीच्या काचेसमोर येऊन उभी राहते. म्हटलं, मग वायरलेसवाल्यानं उपाशीच मरायचं. ती हसली नाही.

७ नोव्हेंबर
दुसरा बांबू जोडून एरियल आणखी चढवली. बेळगाव होतं तसंच आहे, पण ती पुसट हाक एकदम स्वच्छ झाली. कामाचं चीज झालं! आवाज बाईचा आहे. ठिकाण सांगत नाही, सारखी मनूलाच हाक मारते. ऑफिसातल्या कुणाची तरी थट्टा असणार. मनूच्या हातात माइक दिला. "न्हाय वो, मला लई भ्या वाटतंय. आवाज हाय, पर माणूस कुठं हाय?" मी हट्टच धरला. शेवटी माझ्या शब्दाखातर तिनं हळूच ओ दिली. पलीकडं सगळं गप्प झालं.

९ नोव्हेंबर
भाकरी घेऊन सासूबाई आल्या. मनूला सारख्या हाका ऐकू येतात म्हणे, माझ्याच आवाजात. मी एकदाही हाक मारलेली नाही. त्यांनी विचारलं, "पोरीनं कुणाला ओ दिली व्हय?" मी नाही म्हणालो. खोटं बोललो.

१० नोव्हेंबर
बेळगाव पूर्ण बंद. बाई मात्र शेजारी बसल्यासारखी बोलते. घाबरून बांबू उतरवले, तार सोडवून गुंडाळून ठेवली. आवाज तेवढाच. तेव्हा कळलं. माझी रेंज वाढलीच नव्हती. ती जवळ येत होती.

११ नोव्हेंबर
मनू घरात नाही. आतली कडी काढून, "आले, आले" म्हणत गेली. सगळं गाव रानात उतरलंय, पण कुणी तिला हाक मारत नाही. हाक मारली तरी ती ओ कशी देईल? माणसं नुसती मुकाट्यानं झुडपं बाजूला सारतात. मीच, मीच तिच्या हातात—

१२ नोव्हेंबर
सापडली नाही. बॅटरीच्या तारा तोडल्या, संच चालूच. आता बाई नाही — मनू बोलतेय. थंडी वाजतेय म्हणते.

१३ नोव्हेंबर
मष्णूआप्पा काचेशी आले. "जावईबापू, तिची हाक आली तरी ओ देऊ नगा." पोरीचा बाप, आणि मलाच हात जोडत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४
संचातून बाळाचं रडणं. सातव्या महिन्यात — "अवो, पोरगी झाली. एकदा ओ द्या की." काचेबाहेर कुणी नाही. मनू असेल, नसेल — पोर रडून रडून काळंनिळं—

ओ दिली.

रडणं थांबलं. टपावर कुणीतरी—