डब्यातला खर्ज

बाई,

आज रविवार, आठ डिसेंबर, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. गेला अर्धा तास मी एक लोखंडी डबा चालू ठेवून, त्याच्यासमोर डोळे मिटून, त्याच्याबरोबर गळ्याने 'आ'कार लावत बसलो होतो. दाल बाजारातल्या या वरच्या खोलीत माझं दुरुस्तीचं काम चालतं, खाली डाळीचं गोदाम आहे. तिथला हमाल चहा द्यायला वर आला, दारातच थबकला, "भैया, तबीयत तो ठीक है?" म्हणाला आणि ग्लास उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "कोणता सा धरलायस रे?" तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी आज पहिल्यांदा गळा उघडला.

डबा म्हणजे गिटारचा प्रीअँप. गिटारचा आवाज मोठ्या स्पीकरकडे जाण्याआधी यात वाढतो. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दोन व्हॉल्व्ह आहेत. ज्यांचा आहे ते गृहस्थ सिटी सेंटरमधल्या एका बँकेत नोकरी करतात आणि सुट्टीच्या दिवशी चार मित्रांबरोबर वाजवतात. महिन्यापूर्वी डबा टेबलावर ठेवून ते म्हणाले होते, "थोड़ी-सी हमिंग है, बस. निकाल दीजिए." मी दहा दिवस काम करून परत दिला आणि त्याच संध्याकाळी फोन आला, "भाईसाहब, ये तो पहले से ज़्यादा गा रहा है." डबा परत टेबलावर आला. आज बारा वाजता ते न्यायला येणार, संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम आहे. आजही घुं आली तर ते दिल्लीला पाठवतील, आणि त्यांच्या ओळखीने येणारी बाकीची तीन गिऱ्हाइकंही जातील. बाई, माझ्याकडे कुठलाच कागद नाही. माझ्या टेबलावरून गेलेली वस्तू गप्प राहते, एवढंच माझं सर्टिफिकेट.

तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मी प्रत्येक गोष्ट वहीत लिहून ठेवतो. पहिल्या वेळी विजेचे हेलकावे सपाट करणारा आतला एक कंडेन्सर सुकलेला सापडला, तो बदलला. डबा परत आल्यावर दुसरा बदलला, मग तिसरा, मग पहिला बदललेलाच पुन्हा बदलला. सोल्डरचा प्रत्येक डाग भिंगाखाली पाहिला, दोनदा व्हॉल्व्ह बदलून पाहिले. मोबाइलवरच्या सगळ्या व्हिडिओंत एकच सांगतात, घुं आली की कंडेन्सर. वहीत चौदा नोंदी झाल्या आणि घुं होती तशीच राहिली. काल वही उघडली तेव्हा माझं अक्षर फार सुंदर आलेलं दिसलं आणि तुमचं वाक्य आठवलं.

दर्पण कॉलनीतलं तुमचं स्वयंपाकघर. थंडीत तुम्ही क्लास पुढच्या खोलीतून उचलून तिथे आणायचात, कारण गॅसची ऊब असायची. आम्ही पाचजण सतरंजीवर, विजेवरच्या तानपुऱ्याची पेटी पिठाच्या डब्यावर. तुम्ही चटणी वाटायला मिक्सर लावता, आणि बंद करायच्या आत विचारता, "हा कुठल्या सुरावर आहे? सांगा." माझ्या शेजारची मुलगी फिसकन हसते. "बाई, मिक्सर पण गातो काय?"

"गातो. आणि तुझ्यापेक्षा स्थिर गातो. तू मधेच भटकतेस."

मी सांगतो, आणि बरोबर निघतं. फ्रिजचं सांगतो, खिडकीबाहेरच्या खांबावरल्या ट्रान्सफॉर्मरचंही सांगतो. पण तुम्ही "आता म्हण" म्हणालात की माझा गळा खरखरतो आणि मी वहीत डोकं घालतो. माझ्या वहीत तुमच्या सगळ्या बंदिशी लाल-निळ्या शाईत, मात्रेला मात्रा लावून. एक दिवस तुम्ही ती वही उचललीत, चार पानं पाहिलीत आणि म्हणालात, "वही फार सुरेल आहे रे तुझी. तू कधी होणार?" सगळे हसले. माझे कान तापले. जाताना मात्र तुम्ही मला दारात थांबवून हातावर वडी ठेवलीत आणि म्हणालात, "गळा नाही तुला, तो नाद सोड. कान आहे. लिहायच्या आधी ऐकत जा." मला तेव्हा ती नुसती समजूत वाटली होती.

म्हणून आज मी वही बंद केली आणि ऐकलं. घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. ती आहे तशी आवाजात शिरली तर एक खोल सूर येतो. पण कंडेन्सर बिघडला तर हेलकावे दुप्पट होऊन येतात, म्हणजे सूर बरोबर एक सप्तक वरचा. तो वरचा माझ्या गळ्याला सकाळी सहज गाठता येतो. मी आकार लावला आणि खाली उतरत गेलो. आवाज जुळला, पण मिसळला नाही. डबा माझ्या एक सप्तक खाली होता. गळा संपला, नुसती हवा यायला लागली, तरी तो खालीच. हा कंडेन्सर नव्हेच. पहिल्या दुरुस्तीत वरचा सूर गेला होता आणि त्याच्या जागी खालचा आला होता. सूर बदलला, आणि मी नुसतं घुं आहे की नाही एवढंच पाहत राहिलो.

मी कामाआधी फोटो काढून ठेवतो. तो काढून पाहिला. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन तारा, ज्यांत ते पन्नास हेलकावे तसेच धावतात, आधी एकमेकींना घट्ट पीळ घालून, वेड्यावाकड्या, वरून अधांतरी नेल्या होत्या. मला ते गचाळ वाटलं होतं. मी पीळ सोडवला, तारा सरळ केल्या आणि तळाशी, गिटारचा आवाज आत आणणाऱ्या तारेला खेटून, पट्टीने आखल्यासारख्या बांधून टाकल्या. पीळ असतो तोवर एकीचं गुणगुणणं दुसरी खोडून काढते. मी तो नीटनेटकेपणाने उलगडला. बिघाड माझ्या हातचा होता.

तारा पुन्हा पिळल्या, वर उचलल्या, डबा लावला. इतकं गप्प झालं की खाली गोदामात कुणीतरी पोती मोजत होतं ते ऐकू आलं. आणि लगेच भीती वाटली. "कंडेन्सर ख़राब था" एवढं म्हटलं तर त्यांना काही कळणार नाही. खरं सांगितलं तर ते उठून जातील. म्हणून आधी तुम्हाला सांगून पाहिलं.

बारा वाजून पस्तीस. ते येऊन गेले. मी फोटो समोर धरला आणि म्हटलं, "ख़राबी मेरी की हुई थी." त्यांनी फोटो पाहिला, डब्यात वाकून पाहिलं.

"मतलब पहले गंदा था, तो ठीक था?"

"जी."

"और आपने साफ़ कर दिया."

"जी."

"मेरी मिसेज़ मेरी अलमारी के साथ यही करती हैं," ते म्हणाले, आणि इतके हसले की मलाही हसावं लागलं. गिटार लावून त्यांनी आवाज पूर्ण उघडला, हात तारांवरून उचलला आणि बराच वेळ काहीच वाजवलं नाही. मग जाताना म्हणाले, पुढच्या महिन्यात मित्राचा अँप आणतो, फक्त त्याला सजवू नका.

एकदा खरं बोललो की हात थांबत नाही. अकरावीत नापास झालो, लाज वाटली, म्हणून तुमच्या आजारपणात भेटायला आलो नाही, असं मी घरी सांगितलं. स्वतःलाही तेच सांगत आलो. पण मी आलो होतो, बाई. फाटकाशी सायकल लावली, कडीला हात घातला. आत तुम्ही एकट्याच तानपुऱ्याची पेटी लावून बसला होतात. तुमचा सा पेटीच्या किंचित खाली उतरत होता, तुम्ही तो वर उचलत होतात आणि तो परत उतरत होता. केसभरच. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला कळलं, आणि ते तुम्ही माझ्या तोंडावर वाचलं असतंत. मी कडी न वाजवता सायकल वळवली.