मिरची चढली की लाल

सोम., ६ जाने.
नारायण पेठेतल्या ऑफिसात सकाळीच मीटिंग. कंपनीचं इंट्रानेट, म्हणजे आतली वेबसाइट, क्लाउडवर जाणार, जुना सर्व्हर महिनाअखेर बंद. दातार साहेबांनी मला मागे थांबवलं. "आपण इतकी वर्षं पानं सजवलीत, कौतुक आहे. आता तयार साचे मिळतात. आपण स्टोअर्समध्ये जाता का? स्टेशनरी वगैरे." मी म्हटलं, आधी 'आजचे भाव' नव्या जागी करून दाखवते, मग बोलू. म्हणाले, "बघा." पंधरवडा मिळाला. पेन्सिली वाटत बसायला मी जाणार नाही!

बुध., ८
'आजचे भाव' माझं लाडकं पान. आमची मसाल्यांची कंपनी. आमचे आडते भोसले मार्केट यार्डातून सकाळी मिरची, हळद, धन्याचे भाव फोनवर सांगतात, मी भरते, आणि वाघोलीच्या कारखान्यातले खरेदीवाले ते बघून माल उचलतात किंवा थांबतात. जुन्या पानात त्यासाठी मी स्क्रिप्ट, म्हणजे भावाप्रमाणे रंग बदलणारा छोटा प्रोग्रॅम, घुसवली होती. आज तीच उचलून नव्या पानावर चिकटवली. पान पांढरं. पुन्हा चिकटवली. पांढरंच. डबा न खाता परत आणला.

शुक्र., १०
क्लाउडवाल्यांनी शिकवायला प्राची पाठवलीय, अमरावतीची. माझी खटपट बघून म्हणाली, "मॅडम, पानात स्क्रिप्ट चालतच नाही इथं. तुम्ही जुनं घर तसंच्या तसं नव्या फ्लॅटमध्ये बसवून राहिल्या." राग आला. मग पटलं. इथे भाव एका यादीत ठेवायचे आणि यादीला नियम द्यायचा. कसं करायचं ते सांगत बसायचं नाही, काय हवंय तेवढं सांगायचं. घरी ह्यांना समजावलं, तर म्हणे, "मला सांगतेस तसंच की."

मंगळ., १४
संक्रांत. दातार साहेबांनी स्वतः तिळगूळ दिला, गोड बोलले. धास्ती वाढली.
पण पान झालं! नियम तयार साच्यातलाच घेतला, बाण, रंग, सगळं आयतं. प्राचीने टाळी दिली. परवापासून सगळ्यांना हेच पान दिसणार. बऱ्याच दिवसांनी गुणगुणत घरी आले.

गुरु., १६
वाट लागली.
भोसल्यांचा फोन: "अहो मॅडम, मिरची भडकलीय अन् तुमच्या पानावर सगळं हिरवंगार! शिंद्यांनी गाडी भरायला सांगितली की!" शिंदे म्हणजे वाघोलीचे खरेदीवाले. आकडे कोण वाचतं, रंग बघून फोन उचलायची सवय.
साच्यात भाव चढला की हिरवा. विकणाऱ्यांचं ते बरोबरच आहे. आम्ही घेणारे. आमच्याकडे चढला की लाल, म्हणजे थांबा. माझ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये ही एक ओळ होती. दुसरीकडे कुठेच नव्हती, कुणी विचारलीही नाही, आणि मीच विसरले. भोसल्यांनी गाडी अडवली म्हणून निभावलं.
दा. साहेब: "छान. रंगपंचमी यंदा लवकर आली." ऐकून घेतलं. बाथरूममध्ये जाऊन रडले.

शुक्र., १७
नियम स्वतः लिहिला. कालच्यापेक्षा चढा, लाल. उतरला, हिरवा. दोनदा फसला. प्राचीला म्हटलं होतं, हात लावायचा नाही. नाही लावला बिचारीने. मग एकदाची मिरची लाल झाली.
ती म्हणाली, "पण हे उलटं असते, हे मला कोणीच नाही सांगितलं ना मॅडम." कोण सांगणार? मी भोसल्यांच्या गाळ्यावर चहा पीत, शिंद्यांशी वाद घालत हे रंग ठरवलेत. स्क्रिप्ट गेली, पण हे सगळं माझ्याकडेच आहे. फार बरं वाटलं.

सोम., २०
मा. यार्डात जाऊन भोसल्यांना मोबाइलवरून यादी भरायला शिकवलं. मिरचीच्या पोत्यांपाशी दोघंही शिंकून बेजार.
"म्हणजे आता तुम्हाला फोन करायचा न्हाई?"
"नाही."
"मग आमचा दिवस सुरू कसा व्हायचा?"
हसले. रिक्षात बसल्यावर मात्र लक्षात आलं, हे पान आता माझ्याशिवाय चालेल. दातार साहेबांना तरी दुसरं काय हवं होतं...

मंगळ., २१
ऑफिसात आल्या आल्या पान उघडलं. भाव भरलेले. हळद हिरवी, मिरची लाल. मी बोटही लावलं नव्हतं. इतका आनंद झाला, पण पंधरवडाही आजच संपतोय.
तेवढ्यात भोसल्यांचा फोन. सवय जाते थोडीच! "भाव भरले बरं का. आता ओलाव्याचं पण करा. मिरची किती ओली, त्यावरनं शिंदे रोज भांडतात. ते कसं दाखवायचं ते तुम्हालाच कळंल."
शिपाई सांगून गेला, साहेबांनी आत बोलावलंय. ओल्या मिरचीला कोणता रंग द्यावा, अजून ठरत नाहीये. स्टोअर्सचा विषय त्यांनी काढायच्या आत तेच विचारते.