कुशाबाचा फेटा

प्रिय जगदीश,

पहिले वर आले ते तुझे सर, त्यांच्यामागून चष्मेवाले परीक्षक, आणि त्यांच्यामागून अख्खी चाळ. जिन्यात दोघांना धाप लागली. कांदेपोहे केले होते. सरांनी दोनदा घेतले, परीक्षकांनी मिरच्या वेचून बाजूला काढल्या. असो.

तू अराज्यवादावर प्रबंध लिहितोयस, हे आता लालबागेत दूधवाल्यालाही ठाऊक आहे. मला तू समजावलंस तेवढंच कळतं, की वर हुकूम करणारा कुणी नसला तरी माणसं नीट राहतात. आणि दाखला दिलास तो आपल्या शेजारच्या, गावच्या गड्यांच्या खोलीचा. तीस गिरणीवाले, तीन पाळ्या, एक मोरी, आणि मुकादम कुणीच नाही. हे खरं का, तेच बघायला ते आले होते. खोटं ठरलं असतं तर प्रबंध परत.

आता रागावू नकोस. एवढी शिकलेली माणसं यायची, त्यांच्यापुढं कुणी मोठं माणूस नको का? म्हणून मीच त्या खोलीतल्या कुशाबाला तुझ्या आजोबांचा कोट घातला, फेटा बांधला, खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, हे या खोलीचे पुढारी. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि तुझ्या सरांचा चेहरा उतरला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी काय करून बसले ते.

परीक्षकांनी विचारलं, मग नवा माणूस खोलीत घेता तो तुमच्या हुकमानं? कुशाबा घामाघूम. म्हणाला, थांबा हां, सगळ्यांना विचारून सांगतो. आणि रात्रपाळीचे झोपले होते त्यांनाही हलवून उठवायला लागला. गुणाजी पांघरुणातूनच म्हणाला, फेटा काढ मेल्या, आज मोरी धुवायची पाळी तुझी. कुशाबानं खरंच फेटा माझ्या हातात दिला आणि कोटाच्या बाह्या सारून मोरीत गेला. परीक्षक इतके हसले की चष्मा पुसावा लागला. मग गुणाजीनं सांगितलं, संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात कर्फ्यू होता तेव्हा खोलीतले तांदूळ सगळ्या मजल्याला कसे वाटले ते. कुणी सांगितलं म्हणून नाही. परीक्षकांनी आधीचं लिहिलेलं खोडलं, मी या डोळ्यांनी पाहिलं.

चार बुकं शिकलेली मी, तीन दिवस हे पत्र लिहितेय. सर सांगतीलच, पण फेट्याचं तुला माझ्याकडूनच कळावं. आपल्या शेजारची खोली तुझ्या कागदांत गेली, त्या आनंदात मी तिला नटवायला गेले आणि होतं तेच झाकून ठेवलं. फेटा ट्रंकेत टाकलाय, तुझ्या लग्नाशिवाय निघायचा नाही. सगळे मिळून ठरवतात ती खोलीची बैठक बघायला दोघं पुन्हा येतो म्हणालेत, तूही ये. येत्या रविवारी, सकाळी दहाला.

तुझीच, पोहे भिजवून वाट बघणारी,
कौसल्याआजी