आत्या, हे तुला ब्राउझरने सांगितलं का?

तीर्थरूप आत्या,

दोन्ही हात जोडून केलेला नमस्कार आधी घेऊन ठेव, कारण पुढचं वाचल्यावर घेशील की नाही याची मला खात्री नाही. तुझा गुडघा, तुझं शिलाई मशीन आणि जिन्यातली ती भांडखोर शेजारीण, तिघांचंही बरं चाललं असेल अशी आशा आहे. माझंही बरंच आहे म्हणायचं. जेवतो, झोपतो, फक्त मंगळवारपासून सारखं मागे वळून बघायची सवय लागली आहे.

मंगळवारी तू फोनवर इकडचं तिकडचं बोललीस आणि ठेवता ठेवता म्हणालीस, "आलं चघळलं की बोट लागत नाही म्हणे." माझ्या हातातून कुत्र्याचा पट्टाच सुटला. (पळालं नाही, म्हातारं आहे.) जहाजावरच्या स्वयंपाकघरात हरकाम्याची जागा निघाली आहे आणि तिचा अर्ज मी भरून ठेवलाय, हे मी कुणाजवळही बोललो नव्हतो. तुझ्याजवळ तर नाहीच. जनावरांच्या दवाखान्यातली ही नोकरी तू डॉक्टरीणबाईंना गळ घालून मिळवून दिलीस, आणि ही माझी सातवी. (सहावी म्हणत असशील तर रंगाच्या दुकानातले चार दिवस तू धरले नाहीस.) बाईंच्या कानावर गेलं तर ही जाणार, आणि जहाजाचं अजून कशात काही नाही. मग फुटलं कुठून? जहाजाचं आणि बोटीवर मळमळू नये म्हणून काय करावं ते मी फक्त दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर शोधलं होतं. म्हणजे फितूर ब्राउझर.

तळमजल्यावर मोबाईल दुरुस्त करणारा एक जण आहे, त्याला सगळे प्रोफेसर म्हणतात. (त्याचा स्वतःचा मोबाईल रबरबँडने बांधलेला आहे.) त्याच्या मते माझा ब्राउझर चहाड तर आहेच, वर खादाडही आहे. ते पटलं. चार पानं उघडली की कॉम्प्युटरचा पंखा असा घरघरतो की बाकावरची कुत्री त्याच्यावर गुरगुरतात. तेव्हा मला हवा होता तोंडाचा घट्ट आणि अंगाने हलका. प्रोफेसरने दोन सुचवले. पहिला हलका होता, इतका की त्यात दवाखान्याच्या पानावरचं 'जतन करा' हे बटणच दिसेना. दुसरा मात्र संशयी स्वभावाचा, अगदी माझ्यासारखा. बंद केला की सगळं विसरायचा आणि उघडला की मला नव्याने भेटायचा. मी खूश. जुना ब्राउझर आतल्या सगळ्या माहितीसकट पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी त्या विसरभोळ्याने अपॉइंटमेंटच्या यादीचा पासवर्ड मागितला. तो कोणालाच माहीत नव्हता. माझ्या आधीच्या पोराने ठेवला, नोकरी सोडताना मला एकदा घालून दिला, आणि तेव्हापासून तो फक्त जुन्या ब्राउझरच्या डोक्यात होता. मी आठवेल तशी यादी वहीत लिहिली. परिणामी पाच वाजता दोन कुत्री, एक मांजर आणि एक पोपट एकदमच हजर झाले. पोपटाने आधी मांजराची नक्कल केली, मग कुत्र्यांची, मग बाईंची. बाईंनी हातमोजे काढले आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत यादी दिसली नाही तर परवा यायचं कारण नाही." (ओरडल्या असत्या तर निदान जेवण गेलं असतं.)

प्रोफेसर म्हणाला, जुना परत टाक, त्यात आपलं खातं उघड, नशीब असेल तर पासवर्ड परत येईल. खरंच आला, आत्या. यादी आली, नोकरी राहिली, आणि मागोमाग माझ्या शोधांची जंत्रीही आली. पण त्यात मधेमधे 'साखरेच्या डब्यात मुंग्या', 'सुईत दोरा ओवायचं यंत्र', 'शेजारणीशी न बोलता कसं राहावं' असलं काय काय होतं. मी आधी बाईंवर संशय घेतला. मग लख्ख आठवलं. मी तुला माझा जुना लॅपटॉप देताना घाईत माझं खातं त्यात तसंच उघडं ठेवलं होतं. गेली दोन वर्षं माझं तुला दिसतंय आणि तुझं मला, आणि मी इकडे फितूर शोधत कुलपं बदलतोय.

तुझा भाचा

ता. क. माझं खातं बंद कसं करायचं ते चित्र काढून सोबत जोडलंय. वर उजवीकडे गोलात माझं थोबाड दिसेल, तिथून सुरुवात कर.

आणखी एक. आत्ता सुचतंय, ते आलं चघळायचं तुला बहुतेक लॅपटॉपच आपणहून सुचवतोय असं वाटलं असेल. म्हणजे जहाजाचं तुला या पत्रातूनच कळतंय. असो, आता लिहून झालं.

शेवटचं. पाकीट चिकटवायच्या आधी ती जंत्री परत एकदा बघितली. काल दुपारी तू शोधलंयस, 'मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात थेंब एकटीने कसे घालावेत'. आत्या, ते चित्र फाडून टाक आणि खातं आहे तसंच राहू दे. जहाजाचा अर्ज मी पाठवत नाही. इथे रोज जनावरांच्या डोळ्यांत थेंब घालतो, एक बोका तर टॉवेलात गुंडाळावा लागतो, तू त्या मानाने सोपी जाशील. तारीख फोनवर विचारली तर 'कसलं ऑपरेशन' म्हणशील, म्हणून विचारत नाही. शोधायच्या चौकटीत ती तारीख टाइप कर आणि एंटर दाब. मी इकडे दर तासाला बघतोय.