तळहाताहून लहान

६ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद पाठवते, आणि त्याच्या दुप्पट शिव्या. फोन उचलायचा नाही असं तू ठरवलेलंच दिसतंय, म्हणून शेवटी पेन हातात घेतलं. पोस्टातल्या बाई पाकीट देताना म्हणाल्या, "एवढं जाड पत्र अजून कुणी लिहितं?" मी म्हटलं, भाऊ बहिरा झालाय.

आई बरी आहे. तिचे उरलेले दात आता फक्त शोभेला. सफरचंद द्यायचं तर कागदासारखं पातळ चिरावं लागतं, आणि चिरताना ती समोर बसून सूचना देते. तू कधी येणार हे रोज विचारते. मी रोज काहीतरी सांगते.

इकडे आपलं शहर एकदम सुरक्षित झालंय. हसू नकोस. तू गेलास त्याच आठवड्यात नगरपालिकेने सुऱ्यांचा कायदा काढला. आमच्या हॉस्पिटलच्या मागच्या गेटवरचा स्कूटर स्टँडवाला, सगळे ज्याला शिट्टी म्हणायचे तो, भोसकून मारला गेला ना, त्यावरून. तुला कळलंच असेल, पेपरात फोटो होता. त्याचं खरं नाव मलाही पेपर वाचूनच कळलं. वर्षभर या शहरात पोरं एकमेकांना भोसकत होती तेव्हा कुणाला काही पडलं नव्हतं. पण हे झालं हॉस्पिटलच्या दारात, आणि तेही मंत्री पाहणीला यायच्या आदल्या दिवशी. मग काय, बघता बघता कायदा तयार.

कायदा असा की तळहातापेक्षा लांब पात्याची सुरी परवान्याशिवाय घरात, दुकानात किंवा अंगावर ठेवायची नाही. आता तळहात कुणाचा? पहिल्याच दिवशी चौकात भांडण जुंपलं. हवालदाराचा तळहात हा एवढा लांब, आणि ज्या शिंपिणीची कात्री तो मोजत होता तिचा चिमणीएवढा. शेवटी नगरपालिकेने पत्र्याचे तळहात कापून घेतले आणि चौकीचौकीत वाटले. आता हवालदार तो पत्र्याचा हात घेऊन दारोदार फिरतात. त्या पत्र्याच्या कडा इतक्या धारदार निघाल्या की पहिल्याच आठवड्यात बोटं कापलेले हवालदार आमच्याकडे मलमपट्टीला रांगेत उभे.

जुन्या सुऱ्या जमा करायला चौकात लोखंडी पेटी ठेवली. उद्घाटनाला फीत बांधली, पण कात्रीची परवानगी काढायला सगळेच विसरले. पाहुण्यांनी फीत ओढून पाहिली, ती काही तुटेना, मग ते तिच्याखालून वाकून पलीकडे गेले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेटी मात्र भराभर भरली. भरली आणि सुऱ्यांसकट चोरीला गेली.

हॉस्पिटलच्या आमच्या स्वयंपाकघरात सगळ्या सुऱ्या टेबलाला साखळीने बांधल्या आहेत. साखळी आखूड, त्यामुळे सुरी जागच्या जागी राहते आणि कोबी तिच्याभोवती फिरतो. कुलपाची किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला. पेशंटांना अख्खे उकडलेले बटाटे जातात. काल एका म्हाताऱ्याने नर्सला विचारलं, "हा बटाटा गिळायचा आहे की नुसता बघायचा?"

आपले आचारीकाका सध्या कामावर येत नाहीत. त्यांच्या हातचं सूप नाही, तर पेशंटसुद्धा बरे व्हायला वेळ लावतात. त्याबद्दल नंतर कधीतरी.

गेटवर आता नवा माणूस ठेवलाय. तो शिट्टी वाजवत नाही, नुसता हात करतो.

तुझा निळा शर्ट इथेच राहिलाय. दोरीवर वाळत होता, मी घडी करून ठेवला.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र पोचलं. पत्र म्हणजे दोन ओळी. "मी मजेत आहे. आईला जप." आईने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि म्हणाली, "जेवतो का ते लिहिलंच नाही मेल्याने."

कायद्याने भोसकाभोसकी थांबली असं तुला वाटत असेल, तर थांबलेली नाही. गेल्या आठवड्यात दोन पोरं आली, दोघंही मिसरूड न फुटलेली. एकाला स्क्रू-ड्रायव्हरने भोसकलं होतं. तो गेला. त्याच्या आईला मी चहा नेऊन दिला, तिने तो दोन्ही हातांत धरला आणि थंड होईपर्यंत तशीच बसली. नगरपालिकेची समिती आता स्क्रू-ड्रायव्हरचा विचार करते आहे.

आपल्याकडेही तपासणी झाली. हवालदार आला, तुझ्याहून थोडा मोठा असेल, बोटाला पट्टी. घरातल्या सगळ्या सुऱ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडायला सांगितल्या. पाव कापायची लांब सुरी पत्र्याच्या हाताबाहेर गेली, ती जप्त. मग त्याने डाव मोजला. डाव नियमात नाही हे त्यालाच नंतर आठवलं.

सगळं आटोपत आलं आणि आई म्हणाली, "अहो, पण आमची ती छोटी कुठंय? लाकडी मुठीची? मी कधीची शोधतेय."

मी म्हटलं, "जाऊ दे गं आई."

"जाऊ दे कशी? धाकट्याने नेली असणार. हल्ली खिशात घालूनच फिरायचा. मी ओरडले तर म्हणायचा, 'आई, सगळ्यांकडे असते, आपल्याकडे नको का?'"

हवालदाराने विचारलं, "केवढी होती, आजी?" आईने आपलं मधलं बोट पुढे केलं. त्याने ते पत्र्याच्या हातावर ठेवून नीट मोजलं आणि हसला.

"लहान आहे. लहान चालते. खुशाल नेऊ दे त्याला."

चहा घेतला, पावाच्या सुरीची पावती दिली आणि गेला. आई मला म्हणाली, किती चांगला मुलगा.

लहान चालते. मी भांडी घासताना, बसमध्ये, पेशंटांची ताटं भरताना हेच ऐकते आहे. धाकट्या, ती सुरी तुझ्याकडे आहे का? असेल तर तसं लिही. नसेल तरी लिही. पण पुन्हा "मजेत आहे" एवढंच लिहू नकोस.

ताई


२१ एप्रिल

धाकट्या,

आज आशीर्वाद नाहीत आणि शिव्याही नाहीत. तुझं उत्तर आलं नाही, मी तेच उत्तर धरलं.

आचारीकाका कामावर येत नाहीत असं मी लिहिलं होतं. ते तुरुंगात आहेत. शिट्टीच्या खुनासाठी. तुला पेपरातून आधीच कळलं असेल तर मग फारच वाईट, मी तसं धरत नाही.

काका आपल्या सुऱ्या कुणाला वापरू देत नाहीत, तुला माहीत आहे. रोज कापडात गुंडाळून घरी नेतात आणि सकाळी परत आणतात, सगळेच जुने आचारी असं करतात. तू गेलास त्या दिवशी मागच्या गेटवर पोलिसांची झडती होती. काकांच्या काखेत ती गुंडाळी. उघडली, तर मोठमोठ्या सुऱ्या आणि मधला एक कप्पा रिकामा. "यातली सुरी कुठंय?" काका म्हणाले, तिथे सुरी नसते, चव बघायचा चमचा असतो, तो सिंकमध्ये राहिला. तो चमचा मी स्वतः चौकीवर नेऊन दिला. साहेब म्हणाले, "चमच्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही." त्यांना तो रिकामा कप्पा पाहिजे होता. जी सुरी कुणी पाहिली नाही, तिच्यावर खटला उभा आहे.

कायदा आल्यावर त्याच सुऱ्या पत्र्याच्या हातावर मोजून घेतल्या. काका नव्या कायद्याखालचे पहिले आरोपी ठरले. साहेबांचा त्या पत्र्याच्या हाताबरोबर फोटो छापून आला, त्यांना मानपत्र मिळालं.

आता जे मी लिहायचं टाळत होते ते लिहिते.

शिट्टी मारला गेला त्या दिवशी दुपारी तू कँटीनमध्ये आलास तेव्हा तणतणत होतास. शिट्टीने तुझ्या स्कूटरच्या चाकातली हवा सोडली होती, कारण तू गाडी गेटच्या तोंडाशी लावली होतीस. वर सगळ्यांसमोर तुला हसला. मी म्हटलं, हवा भर आणि विसर. संध्याकाळी मी घरी आले तर तू बाथरूममध्ये निळा शर्ट धूत होतास. तू, ज्याने जन्मात स्वतःचा कप विसळला नाही. मी दारात उभी राहिले. तू वळला नाहीस. "ग्रीस लागलं," म्हणालास. आणि मी काय म्हणाले? "मीठ लाव, निघेल." ग्रीस मिठाने निघत नाही हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला अचानक नोकरी लागली.

तू मारायला म्हणून ती सुरी खिशात ठेवत नव्हतास, हे मला कुणी सांगायला नको. तू भित्रा आहेस. पोरं भोसकली जातात असं ऐकलंस आणि घाबरून सुरी ठेवायला लागलास. मग एक माणूस हसला आणि ती खिशात होतीच. एका चाकातल्या हवेसाठी, धाकट्या. मला तुझी दया येते आणि तुझ्या तोंडात मारावंसंही वाटतं, आणि दोन्ही एकाच वेळी वाटून मी थकून गेले आहे.

मी चौकीवर गेले होते. आईच्या त्या हवालदारानंतर मला राहवेना. टेबलावरच्या माणसाला सांगितलं, त्या दिवसापासून आमच्या घरातली एक सुरी नाही आणि माझा भाऊही नाही. त्याने पहिला प्रश्न विचारला, "लांबी?"

"तळहाताहून लहान."

"मग ती हत्यारात बसत नाही, बाई. घरगुती वस्तू झाली. वस्तू हरवल्याची तक्रार पलीकडच्या खिडकीत."

मी हटले नाही. बसूनच राहिले. शेवटी साहेबांनी आत बोलावलं. माणूस वाईट नाही. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टरांनी जखम लहान लिहिली आहे, ते मी वाचलंय. पण लहान सुरी म्हटली की या कायद्याची पहिलीच केस पडते. मग हा कायदा कशासाठी केला, असं लोक विचारतील. मला काय उत्तर आहे?"

मी म्हटलं, "त्यासाठी निरपराध माणूस आत ठेवणार?"

"तुम्ही काय पाहिलंत? भाऊ शर्ट धूत होता. शर्ट धुणं हा गुन्हा नाही." मग म्हणाले, "तो स्वतः येऊन बोलला तर मात्र मला लिहून घ्यावंच लागेल. त्याला माझा इलाज नाही."

तिथून मी काकांना भेटायला गेले. वाळलेत. तुरुंगाच्या स्वयंपाकघरात काम दिलंय, पण तिथे सुरी नाही. कांदे हाताने फोडतात, भोपळा जमिनीवर आपटतात. ते सांगताना त्यांना हसू येत होतं. त्यांना काहीच माहीत नाही, धाकट्या. त्यांना तुझा संशयसुद्धा नाही. निघताना जाळीजवळ येऊन हळूच म्हणाले, "धाकट्याला यातलं काही कळवू नका हं. नवी नोकरी आहे त्याची. ऐकलं तर सगळं टाकून धावत येईल."

मी तिथेच रडायला लागले. थांबता येईना. आणि ते बिचारे जाळीतून बोटं घालून माझीच समजूत काढत होते.

दहा मेला सुनावणी आहे. सरकारी वकील फाशी मागणार आहेत, पहिली केस म्हणून. मी साक्षीला उभी राहणार, हे ठरलंय. कुणी ऐको न ऐको, सुरी, शर्ट, चाकातली हवा, सगळं सांगणार. त्याआधी आईला सांगेन. कसं ते अजून कळत नाही. माझ्या सांगण्याने काका सुटतील असं मला वाटत नाही. तू आलास तर सुटतील.

आलास तर मी तुझ्याबरोबर चौकीवर येईन. त्या दाराच्या आत तुला एकट्याला जाऊ देणार नाही. दर भेटीला जाळीपाशी उभी राहीन, म्हातारी झाले तरी. पण तुला लपवणार नाही, आणि आईसाठी लपव असं तू मला सांगू नकोस. काकांनाही घरी माणसं आहेत.

तुला कळवू नका असं काकांनी मला बजावलं होतं. मी कळवलं. तू धावत येशील असं त्यांना वाटतं. मला वाटत नाही. माझं खोटं ठरव.

दहा मेपर्यंत तुझी,
ताई